बसणारा भिडू

गेवराईत माझं बियाणं आणि फवारणीच्या औषधांचं दुकान आहे. शेजारच्या गाळ्यात चाचा मोटारी बांधतात, म्हणजे विहिरीवरच्या जळालेल्या मोटारीतली तांब्याची तार काढून नवी भरतात. वय साठीच्या पुढं, पण बोटं तारेवरून अशी फिरतात की गिऱ्हाईक मोटार विसरून बोटंच बघत बसतं. त्याच बोटांनी ते कॅरम खेळतात. मीही कॅरम खेळतो, असा माझा बरीच वर्षं समज होता.

दर उन्हाळ्यात आमच्याकडं जोडीच्या कॅरमच्या स्पर्धा होतात. चाचा दरवेळी फायनलला जायचे आणि हरून स्टीलची कळशी घेऊन यायचे. दुसऱ्या नंबरला कळशीच असते. मागच्या साली चाचींनी दारातच सांगितलं होतं म्हणे, की आणखी एक कळशी आणली तर ती भरायला तुम्हीच नळावर जायचं. त्यांचा भिडू होता एक फळवाला. खेळाडू एक नंबर, पण राणी दोघांनाही हवी असायची, आणि चाचांचा नेम चुकला की तो जिभेनं ‘च्च’ करायचा. तो यंदा पोराकडं पुण्याला राहायला गेला आणि चाचांना पहिल्यांदाच भिडू उरला नाही.

एका दुपारी ते माझ्या काउंटरला टेकले. म्हणाले, यंदा माझ्यासंगं बसतो का. मी खुर्चीत सरळ झालो. माझा कॉर्नरचा मार हल्ली किती सुधारलाय ते सांगायला लागलो. चाचांनी ऐकून घेतलं.

“तुझा खेळ मी बघितलाय. म्हणून तर इचारायलो,” ते म्हणाले. “खेळणारे लई झाले. मला बसणारा पाहिजे.”

मग माझी तालीम सुरू झाली. माझ्या पाळीला स्ट्रायकर हलकेच ढकलायचा, तो एखाद्या सोंगटीला टेकला की झालं. सोंगटी घालायची नाही, पराक्रम करायचा नाही, स्ट्रायकर भोकात घालवायचा नाही. आणि चाचा चुकले तर तोंडातून आवाज काढायचा नाही. सोपं वाटतं ना? पहिल्याच दिवशी मी समोरच्याची काळी सोंगटी इतकी देखणी घातली की मीच टाळ्या वाजवल्या. काही न करायला शिकण्यात माझे तीन आठवडे गेले. त्या काळात दोन गिऱ्हाइकांना उसाच्या जागी मिरचीचं औषध दिलं, ते वेगळंच.

यंदा पहिलं बक्षीस कूलर होतं. एका जोडीला एक कूलर. एप्रिलात आमच्याकडं कूलर म्हणजे काय, हे इथं राहणाऱ्याला सांगायला नको. आम्ही एकेक जोडी हरवत गेलो. आम्ही म्हणजे चाचा. मी समोर बसून होतो.

फायनलला समोर कॉलेजची दोन पोरं होती. शेवटचा बोर्ड. राणी चाचांनी आधीच घेतलेली. आमची एक पांढरी उरली, त्यांची एक काळी. आणि ती काळी माझ्या डाव्या हाताच्या भोकाच्या तोंडाशी अशी बसलेली की कुणी फुंकली तरी आत जावी. पाळी माझी, माझ्यानंतर त्यांची. म्हणजे मी शिकल्याप्रमाणं काही केलं नाही तर कळशी नक्की.

मी चाचांकडं पाहिलं. खेळताना भिडूनं बोलायचं नसतं. ते नुसते बसून होते. मग मी पांढरीवर नेम धरला, डोळे मिटले आणि जीव खाऊन मारला. पांढरीला काही लागलं नाही. स्ट्रायकर दोन कडांवर आपटला, फिरून आला आणि काळीला धक्का देऊन तिला पार मधोमध घेऊन गेला. मंडपात एकदम गलका झाला, काय डाव अडवला म्हणून. घाबरलेल्या पोराचा नेम चुकला. चाचांनी पांढरी घातली.

इथवर माझी चूक नव्हती. चूक पुढं झाली. बक्षीस देताना माइकवाल्यानं विचारलं, तो शेवटचा मार कसा सुचला. आणि मी, चाचा शेजारी उभे असताना, म्हणालो, “तेवढं काही अवघड नव्हतं.”

दुसऱ्या दिवशी चहाच्या हॉटेलात माझा निकाल लावायला घेतला होता. एक जण म्हणत होता, ट्रॉली ट्रॅक्टरमागं कारखान्यापर्यंत गेली म्हणून तिलाबी हार घालायचा का. हॉटेलवाला माझ्या बाजूनं होता. “ट्रॉली न्हाई तर ऊस काय बोनटावर न्यायचा का बे?” तो म्हणाला. मी चहा अर्धा टाकून उठलो. ट्रॉली म्हटल्याचा राग नव्हता. ट्रॉलीनं काल माइकवर भाषण केलं होतं, ते आठवलं.

कूलर पोचता करायला टेंपोवाला आला तेव्हा मी त्याला चाचांच्या गाळ्याकडं वळवलं. चाचांनी परत माझ्याकडं वळवला. त्यांच्याकडं ओली हवा चालत नाही, बांधलेल्या मोटारीत ओल शिरते, वार्निश वाळत नाही. मग घरी न्या म्हणालो. ते म्हणाले, चाचींना कळशी न्हाई एवढंच पाहिजे होतं. म्हणजे न खेळणाऱ्याला अख्खा कूलर. माझ्यानं राहवलं नाही. सांगून टाकलं की तो मार मला सुचला नव्हता.

“मी समोरच बसलो होतो ना. डोळे मिटले होते तू,” चाचा म्हणाले. “त्याचा कूलर न्हाई हा. सेमीफायनलला मी चार सोप्या सोंगट्या हुकवल्या. तू च्च केलं न्हाई. एवढ्या सालात पहिल्यांदा पाचव्या सोंगटीला माझं बोट थरथरलं न्हाई.”

कूलर माझ्या दुकानात आहे. पाणी मी भरतो, चाचा दुपारी समोर येऊन बसतात. तरी मनातली टोचणी जाईना, म्हणून मी दुकान बंद करून शटरआड एकटाच सराव सुरू केला. पुढच्या वर्षी निदान दोन सोंगट्या तरी स्वतःच्या हिमतीवर घालाव्यात म्हणून. परवा चाचांनी माझ्या बोटांना लागलेली बोरिक पावडर पाहिली.

“खेळायलास का?” त्यांनी विचारलं.

मी हो म्हणालो. रोज तासभर, जरा जमायलंय.

चाचा खरोखर काळजीत पडले. “सोड ते,” म्हणाले. “बिघडशील.”