दुसरी झोप

"आमची आई साधी हो, चौथी शिकलेली," असं कुणी म्हटलं की मी ऐकून घेते. माझी आईही चौथीच शिकली होती. पण तिनं बाबांच्या झोपेची जी दुरुस्ती केली, ती फॅक्टरीतल्या एकाही फोरमनला जमली नसती. हे मी आजही भांडून सांगेन.

लढाईचे दिवस होते. जबलपूरची लष्करी फॅक्टरी चोवीस तास चालायची आणि बाबांना सलग रातपाळी लागली होती. सकाळी सायकलनं चेरीताल मोहल्ल्यातल्या घरी यायचे, दोन पोळ्या खायचे आणि निजायचे. ब्लॅकआउटसाठी आम्ही खिडक्यांना काळा कागद चिकटवला होता. शत्रूच्या विमानांपासून त्यानं आम्हाला वाचवलं की नाही देव जाणे, बाबांना दिवसा अंधार मात्र मिळाला.

मग तो अपघात झाला. बाबांच्या शेजारच्या ड्रिल मशीनवर त्यांचा जिवाभावाचा दोस्त होता, ओमती मोहल्ल्यात राहणारा, घरी हिंदी बोलणारा. आम्ही त्यांना चाचाजी म्हणायचो. दहा वर्षं दोघं एका डब्यातून जेवलेले. त्या पाळीला घाईघाईत चाचाजींनी क्लॅम्प न लावता लोखंडाची पट्टी हातानंच धरली. ड्रिल अडकलं, पट्टी गरकन फिरायला लागली. बाबा ओरडले, "थांब! थांब!" आणि चाचाजींनी ती सोडायच्या ऐवजी आणखी घट्ट धरली. उजव्या हाताची दोन बोटं गेली.

महिना गेला. मग एका सकाळी ताटावर बसल्या बसल्या आईला म्हणाले, "मी थांब म्हटलं. त्याला थाम ऐकू आलं. थाम म्हणजे धरून ठेव. काहून मराठीत ओरडलो मी? छोड़ म्हणायला जिभेला काय धाड भरली होती?"

बाबांचा सगळा जन्म जबलपुरात गेला, बाजार हिंदीत, पाळी हिंदीत, शेजाऱ्यांशी भांडणसुद्धा हिंदीत. पण जीव घाबरला की तोंडातून घरचीच भाषा निघते.

डोळा लागला की तेच स्वप्न. पट्टी फिरते, बाबा "थांब" ओरडतात आणि दचकून उठतात. पुढे पुढे ते निजायचंच टाळायला लागले. डोळे लाल, आणि तसेच पुन्हा मशीनवर. असंच चाललं तर यांचाही हात जाणार, हे आईला दिसत होतं. मी दहा वर्षांची, पण मलाही कळत होतं. बाबा सकाळी घरी आले की मी आधी त्यांची बोटं मोजायची.

शेजारणींनी उशाखाली सुरी ठेवायला सांगितली, कुणी अंगारा दिला. आई सगळ्यांना "अच्छा, अच्छा" म्हणाली आणि स्वतःचंच डोकं चालवलं.

"कार्तिकात आम्ही मुली पहाटे काकड्याला जायचो," ती बाबांना म्हणाली. "घरी येऊन परत निजायचो. त्या दुसऱ्या झोपेत मला कळायचं, की हे स्वप्न आहे म्हणून. मी बांगड्या मोजायची. दोनदा मोजल्या की दोनदा वेगळ्याच निघायच्या. मग मनाला येईल ते करायची. एकदा तर नर्मदेवरून उडत गेली होती."

"मी कुठून बांगड्या आणू?" बाबा म्हणाले.

"तुमचं टोकन आहे ना!"

फॅक्टरीच्या फाटकावर दाखवायचं पितळेचं ते टोकन, त्यावर बाबांचा नंबर. आईचा हुकूम असा, की दिवसातून वीसदा ते बघायचं, नजर फिरवायची, परत बघायचं. जागेपणी जे अंगवळणी पडेल तेच झोपेत होईल, आणि तिथे आकडा बदलला की स्वप्न आहे हे कळेल. बाबा ऐकणारे होते म्हणून बरं. ओमतीच्या बाजारात मध्येच थांबून टोकनाकडे दोनदा बघायचे, तेव्हा भाजीवाली म्हणाली, "भैया, नंबर बदल गया क्या?" मी लाजेनं लाल झाले.

आणि झोपेची वेळ? बाबा सकाळी आठला निजत. आईनं आधी त्यांना अकराला उठवून पाहिलं. फार लवकर झालं, पुन्हा निजल्यावर स्वप्नच पडलं नाही. दोनला उठवलं, तर पुढे झोपच येईना. रोज ती स्वयंपाकघराच्या भिंतीवर कोळशानं खूण करायची. शेवटी साडेबारा ठरले. उठवायचं, अर्धा कप चहा द्यायचा, अर्धा तास बसवायचं आणि म्हणवून घ्यायचं, "टोकन बघीन, छोड़ म्हणीन." मग पुन्हा काळ्या कागदाच्या अंधारात. ते उठेपर्यंत ती दाराशी पाटावर बसून राहायची, गल्लीत कुणी भांडं आपटलं तरी धावून जायची. तिची स्वतःची झोप कधी व्हायची, हे तेव्हा मी विचारलं नाही. त्याची लाज अजून वाटते.

तीन आठवडे गेले. एका दुपारी आतून आरोळी आली, "छोड़! अरे छोड़ दे!" आणि नंतर काहीच नाही. बाबा उठले नाहीत, झोपूनच राहिले. आई तोंडात पदर कोंबून रडत होती.

उठल्यावर बाबा म्हणाले, "आकडा बदलला गं. मला कळलं. मी म्हटलं छोड़, आणि त्यानं सोडलं."

कुणी म्हणेल, चला, झालं. आई म्हणाली, "स्वप्नातल्याला सांगून झालं. आता खऱ्याला सांगा." त्याच रविवारी ती आम्हाला घेऊन ओमतीला गेली.

बाबांनी मान खाली घालून सगळं सांगितलं. थांब, थाम, सगळं. चाचाजी ऐकून हसायलाच लागले. "अरे यार, उस शोर में किसे सुनाई देता है? मैंने तो कुछ सुना ही नहीं. पकड़ा तो डर के मारे पकड़ा."

बाबांचा विश्वास बसेना. ते नुसतेच उठले, निघायला लागले. चाचाजींनी तीन बोटांचा हात त्यांच्या खांद्यावर ठेवून त्यांना खाली बसवलं आणि स्वच्छ मराठीत म्हणाले, "थांब. चहा पिऊन जा."

दहा वर्षं आमच्या घरचा डबा खाणाऱ्याला थांब कळत नसेल, असं बाबांना वाटलं तरी कसं! बाबा तिथेच हमसून हमसून रडले.

दुसऱ्या दिवशी साडेबाराला मी शाळेतून आले. आत बाबा घोरत होते. दाराशी पाटावर आई, भिंतीला डोकं टेकून, तीही घोरत होती. मी दोघांनाही उठवलं नाही.