बारा घरांचा ठेका

"राहील ना?"

दादूस हे कशालाही विचारायचा. नट आवळून झाला की नटाला. डब्याचं झाकण लावलं की झाकणाला. स्कूटर स्टँडवर उभी केली की दोन पावलं मागे सरून स्कूटरला. कुणी उत्तर द्यावं अशी अपेक्षा नसायची, पण विचारल्याशिवाय तो जागचा हलायचा नाही. तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल, कुलूप लावल्यावर तीनदा ओढून बघणारा. दादूस ओढून बघायचा नाही, दोन बोटांनी वाजवून बघायचा. टक् टक्. आवाज पटला की निघायचा.

वागळे इस्टेटमधल्या आमच्या वर्कशॉपात इलेक्ट्रिकची पॅनेलं बनतात. मी वरच्या मजल्यावर कॉम्प्युटरवर त्यांची ड्रॉइंगं काढतो. दादूस खाली स्टोअर सांभाळायचा. स्टोअरला एक खिडकी आणि खिडकीला पत्र्याची फळी. पान्यापासून ड्रिलपर्यंत काहीही मागा, ते आधी फळीवर यायचं, मग दादूस तुमच्याकडे न बघता फळीवर एक ठेका वाजवायचा, आणि मगच वस्तू पुढे सरकायची. घाईतली माणसंही तेवढं थांबायची. डोंबिवलीजवळच्या, आता चारी बाजूंनी टॉवर उभे राहिलेल्या एका आगरी गावात त्याचं घर. गावातल्या प्रत्येक हळदीला तीस वर्षं ढोलकी त्याची. अकरा जणांची वाजवणाऱ्यांची पार्टी त्यानेच उभी केलेली. खरं नाव पगाराच्या कागदावर असेल, आमच्यासाठी तो दादूस.

आता माझी लायकी सांगतो. लेकीच्या अभ्यासासाठी घेतलेला टॅबलेट तिला नकोसा झाल्यावर माझ्या हाती लागला आणि त्यात मला संगीताचं एक अ‍ॅप सापडलं. पडद्यावर आडव्या ओळी, प्रत्येक ओळीत सोळा चौकोनी घरं. एक ओळ ढोलाची, एक टाळीची, एक झांजेची. ज्या घरावर बोट ठेवाल ते पेटतं. उजेडाची एक रेघ डावीकडून उजवीकडे सरकत जाते आणि पेटलेल्या घरावर आली की तो आवाज वाजतो. शेवटच्या घरानंतर पुन्हा पहिलं. अशा एका फेरीला पॅटर्न म्हणतात. ज्याला शाळेत आरतीच्या टाळ्यासुद्धा धड जमल्या नाहीत, त्यालाही आठवड्याभरात आपण संगीतकार असल्याचा भास व्हावा, एवढी सोय त्यात आहे. मला तो तीन दिवसांत झाला.

चौथ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी माझी पहिली रचना दादूसला ऐकवली. त्याने भाकरीचा घास हातात तसाच धरून पूर्ण ऐकलं.

"बरा हाय," तो म्हणाला. "पन बाला, हा दम कवा घेतो?"

मशीनला दम घ्यावा लागत नाही, असं मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं. चाळिशी ओलांडलेल्या, टक्कल पडत आलेल्या मला तो बाला म्हणायचा, तेही मी त्या तोऱ्यात विसरलो.

मग त्याने हळदीचा ठेका त्यात घालायला सांगितला. फळीवर वाजवून दाखवला, मी एकेक घर पेटवत गेलो. बाराव्या घरात त्याचा ठेका संपला. चार घरं उरली. वाजवलं की प्रत्येक फेरीला जिन्याची पायरी चुकल्यासारखं व्हायचं. दादूसने त्या चार घरांवर बोट फिरवलं आणि अगदी काळजीने विचारलं, इथे कोण राहतं? सध्या रिकामी आहेत, मी म्हणालो. पुढचे तीन दिवस मी त्या घरांत भाडेकरू घालत होतो. टाळ्या घातल्या, घंटा घातली, एकदा कुत्र्याचं भुंकणंही घातलं. चौथ्या दिवशी एका कोपऱ्यात घरांची संख्या बदलायचं बटण दिसलं. बारा केली आणि ठेका गोल फिरायला लागला. अ‍ॅपमध्ये ही सुधारणा कालच आली, असं मी दादूसला सांगितलं. तो हसला नाही. माणूस सज्जन होता.

दिवाळीनंतरची गोष्ट. मी स्टोअरमधून स्टीलची पट्टी घ्यायला गेलेलो. दादूसने ती खिडकीतून पुढे धरली आणि तिचं टोक फळीच्या पत्र्यावर वाजायला लागलं. बारीक, जलद, मध्येच तुटणारं. मी डोळे मिटून मान हलवली. वा दादूस, म्हणालो, हा नवा ठेका कुठला?

डोळे उघडले तर त्याने डाव्या हाताने स्वतःचं उजवं मनगट घट्ट धरलेलं. आवाज थांबलेला.

"हा माजा नाय," तो म्हणाला.

मी आयुष्यात बोललेल्या मूर्खपणाच्या वाक्यांची यादी मोठी आहे. पहिला नंबर तेव्हापासून बदललेला नाही.

डॉक्टरांनी आजाराला नाव दिलं होतं, गोळ्या दिल्या होत्या, आणि हे थांबणार नाही, फार तर हळू होईल, असंही सांगितलं होतं. घरात फक्त बायकोला माहीत. माघात त्याच्या पुतणीची हळद. धाकट्या भावाची मुलगी, पण चालायला लागली ती दादूसच्या ढोलकीला धरून. तुझ्या हळदीला मी वाजवणार, हे तिला ती पाच वर्षांची असल्यापासून कबूल केलेलं. पार्टीला हाताचं कळलं तर काय होईल, या विचाराने त्याची झोप उडाली होती. कुणी वाईट बोलेल ही भीती नव्हती. भीती चांगुलपणाची होती. "मना खुर्चीवर बसवतील," तो म्हणाला. "शाल नि नारल देतील."

मग त्याने टॅबलेटकडे बोट केलं. बोट हलत होतं.

"तुज्या घरांत माजा हात ठेव. राहील ना?"

बेत असा ठरला. त्याच्या ढोलकीचे बोल आधी टॅबलेटमध्ये भरायचे. मग तेच बोल त्याने काचेवर बोटांनी वाजवायचे, अ‍ॅप ते टिपून घेईल. हळदीला तो मांडीवर ढोलकी घेऊन नुसते हात हलवणार, आणि मी स्पीकरमागे टॉवेलखाली टॅबलेट घेऊन बसणार. ऐकताना मला हे फार हुशारीचं वाटलं. घरी जाताना तेवढं वाटेना.

दोन महिने आम्ही स्टोअरच्या आतल्या खोलीत जेवणाच्या सुट्टीत काम केलं. नऊ पॅटर्न झाले. दादूस काचेवर वाजवायचा तेव्हा मूळ ठोक्यांच्या मध्ये थरथरीचे बारीक ठोके पडायचे, आणि ते घरांत न बसता दोन घरांमधल्या रेघांवर बसायचे. अ‍ॅपमध्ये सगळं सरळ करायची सोय आहे. एक बटण दाबलं की प्रत्येक ठोका जवळच्या घरात ओढला जातो. मी ते दाबायचो आणि जास्तीचे ठोके पुसून टाकायचो. सातव्याच्या वेळी सुट्टी संपल्याचा भोंगा झाला आणि तेवढा एक पॅटर्न साफ न करता राहिला, एवढाच माझा आळस.

साफ केलेला ठेका दादूसने दोनदा ऐकला. मग म्हणाला, हात माझाच आहे, पण इस्त्री केलेला. तरी चालेल. लग्नात माणूस इस्त्रीचेच कपडे घालतो.

हळदीच्या दिवशी मी टॅबलेट तीनदा चार्ज केला. वायफाय बंद, घड्याळाचा गजर बंद, बायकोला सांगितलं फोन करू नकोस. स्पीकरच्या दोन वायरी घेतल्या. मांडवात संध्याकाळी पोचलो आणि स्पीकरमागची जागा धरली. दादूस मध्यभागी बसला, ढोलकी मांडीवर. त्याने माझ्याकडे पाहिलं, मी पहिला पॅटर्न लावला.

आणि जमलं हो. बँजो, ताशा, झांजा, आणि सगळ्यांच्या वर दादूसची तीस वर्षांपूर्वीची ढोलकी. पार्टीतल्या दहांपैकी कुणालाही शंका आली नाही. अर्ध्या तासाने मला वाटायला लागलं की हे सगळं मीच वाजवतोय. मी मान डोलवायला लागलो. तेवढ्यात बायका हळद घेऊन आल्या. त्या गावात पाहुणा कोरडा परत जात नाही. कुणीतरी माझ्या गालाला लावली, कुणी दंडाला. शहाण्या माणसाने तोंड पुढे केलं असतं. मी दोन्ही हात पुढे केले, ओंजळभर हळद घेतली आणि तेलासकट आजूबाजूच्या चार जणांना माखली.

तेव्हाच धवलारीण उठली.

लग्नाचे धवले म्हणणारी ही म्हातारी दादूसची आत्या. तिने गाण्यातून देवांना बोलावल्याशिवाय तिथे लग्न पुढे सरकत नाही. आणि रीत अशी, की तिने पहिला सूर लावला की सगळी वाद्यं बंद. नुसती बंद नाहीत, वाजवणाऱ्याने हात वर करायचे, म्हणजे ते रिकामे आहेत हे तिला दिसतं. पार्टीत नवा माणूस आला की दादूस त्याला वाजवायला नंतर शिकवायचा, थांबायला आधी.

तिने सूर लावला. बँजो थांबला, ताशा थांबला. दादूसचे हात वर गेले.

ढोलकी वाजतच राहिली.

मी थांबायचं बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. तेल आणि हळदीने माखलेल्या बोटांना काच ओळखेना, किंवा मला आठ बोटं आहेत असं तिला वाटलं असावं. लय वाढली. मग अ‍ॅपमधल्या टाळ्या सुरू झाल्या. मी टॉवेलने काच पुसली, टॉवेलही पिवळा झालेला. सगळा मांडव दादूसच्या मांडीवरच्या, कुणीही हात न लावलेल्या ढोलकीकडे बघत होता.

त्याला सुटायची वाट होती. हात खाली आणायचे, दोन ठोके मारल्यासारखं करायचं, चुकलं म्हणून हसायचं. रीत मोडली असती, गुपित राहिलं असतं. मी मनातल्या मनात त्याला तेच कर म्हणत होतो. त्याने हात खाली आणले नाहीत. मांडवाच्या झगझगीत उजेडात त्याचा उजवा हात वर होता आणि थरथरत होता, आणि आता तो सगळ्यांना दिसत होता. मग त्याने ढोलकी मांडीवरून सतरंजीवर ठेवली, उठून माझ्याकडे आला आणि स्पीकरची वायर उपटली.

धवलारीण त्याच्या हाताकडे बघत होती.

"कवापासून?"

"दिवालीपासून, आते."

तिने मान हलवली आणि धवला पहिल्यापासून सुरू केला. तो परत जागेवर जाऊन बसला आणि हात पुन्हा वर केले. धवला संपेपर्यंत कुणी हात खाली घेत नाही. त्या सगळ्या वेळात मी एकदाही मान वर केली नाही, त्यामुळे धवला केवढा होता हे मी सांगू शकत नाही.

संपल्यावर पुतणी बोलली. चेहरा ओळखू येणार नाही इतकी हळद, आवाज मात्र स्वच्छ.

"काका, मशीन नको. तू वाजव."

दादूसने ढोलकी उचलली, तिच्या खोडावर दोन बोटं वाजवली, टक् टक्, आणि सुरू झाला. फार थोर वाजली असं म्हणणार नाही. ठोके निसटत होते, मध्ये बारीक ठोके सांडत होते. पार्टीने लय उतरवली. दहा जणांचे डोळे एका मनगटावर. पाच-सहा फेऱ्या झाल्या आणि त्याने स्वतःच ढोलकी शेजारी वीस वर्षं ताशा वाजवणाऱ्याच्या मांडीवर दिली आणि नाचायला उठला. शाल कुणी आणली नाही.

सोमवारी मी स्टोअरच्या खिडकीशी माफी मागायला गेलो. त्याने ती ऐकून घेतली नाही, टॅबलेट उघडायला लावला. नऊच्या नऊ पॅटर्न ऐकले. बाकीचे पूस म्हणाला. सातव्यावर बोट ठेवलं.

"हा ठेव. परवा असाच वाजला."

मी आठ पुसले.

"राहील ना?"

राहील, म्हणालो. त्याने काचेवर दोन बोटं वाजवली आणि पुढच्या माणसाचं ड्रिल शोधायला वळला.

दादूस गेला त्याला आता वर्ष झालं. हाताने नाही, चार दिवसांच्या तापाने. स्टोअरच्या खिडकीत आता चिठ्ठी दिली की वस्तू लगेच मिळते. माझा टॅबलेट जुना झालाय, पाठ थोडी फुगलीये. सातव्या पॅटर्नच्या प्रती मी पाच ठिकाणी ठेवल्यात, तरी अ‍ॅप नवीन करायचं का असं विचारणाऱ्या चौकटीची भीती वाटते. रोज येते. मी रोज 'नंतर' दाबतो.

गेल्या महिन्यात त्या पुतणीच्या धाकट्या भावाची हळद होती. तिचा फोन आला, टॅबलेट घेऊन या. मी गेलो. हळद घेऊन जो येईल त्याच्यापुढे दोन्ही गाल केले, हात खिशातून काढले नाहीत. पार्टीने सुरुवात सातव्यानेच केली. बारा घरं, आणि भिंतींवर बसलेले ते बारीक ठोके. बाकीचे दहा जण त्याच्या लयीला उतरून वाजवत होते.

धवलारीण आता बसूनच म्हणते. तिने सूर लावला. मी एका हातात टॅबलेट धरला आणि दुसऱ्या हाताचं कोरडं बोट खिशातून काढून बटणावर ठेवलं. पहिल्या स्पर्शाला थांबलं.

सगळ्यांचे हात वर होते. तिने नेहमीसारखी एकेकावर नजर फिरवली आणि शेवटी ती माझ्यापाशी येऊन थांबली. माझ्या हातात टॅबलेट होता. मी तो सतरंजीवर ठेवला आणि दोन्ही हात वर केले.