गोळीपुरता घोट

माझी मोठी बहीण सल्फाच्या गोळ्यांनी गेली, असं आमच्या नात्यात अजून म्हणतात. ते खरं नाही, म्हणून लिहिते आहे.

स्वातंत्र्यानंतरची ती पहिली काही वर्षं. बहीण पहिल्या बाळंतपणासाठी बिरसीजवळच्या आमच्या गावी आली होती. मुलगी झाली, आणि पाठोपाठ बहिणीला थंडी वाजून ताप भरला. बाळंतरोगाच्या तापानं तेव्हा पुष्कळ बाया जात. वडील सायकलनं गोंदियाला गेले आणि डॉक्टरकडून सल्फाच्या पांढऱ्या गोळ्या घेऊन आले. पेनिसिलिनची सुई आमच्यापर्यंत पोचली नव्हती. सल्फा जंतूंना मारत नाही, त्यांची वाढ थांबवते. पुढचं काम शरीर करतं. मग औषध लघवीवाटे बाहेर पडतं.

बाळंतिणीच्या खोलीत पुरुष जात नसत. वडिलांनी बाहेरच्या सपरीतूनच, म्हणजे ओसरीतूनच, आईला सांगितलं, "दर गोळीवर गडवाभर पानी पाजजो. मधल्या वेळीही देत राहजो. डागतर दोनदा बोलला, पानी खूब पिलाना."

आमच्याकडे बाळंतिणीचं पाणी जवळजवळ बंद असे. पाण्यानं पोट सुटतं, वात धरतो, असं समजत. तहान लागलीच तर सुंठ-ओवा घालून उकळलेलं पाणी, तेही वाटीच्या तळाशी.

"दवाई त्याची, बाळंतपन माह्यं," आई म्हणाली. "त्यानं किती बाळंतपनं काढली?"

"सांगतलं ते आइक."

"आइकलं. गोळ्या चुकनार नाही."

चुकल्या नाहीत. आईनं एकही वेळ टाळली नाही. ताप उतरला, बहीण उठून बसली, बाळाला पाजू लागली.

"माय, घसा सुकून राहिला," ती म्हणाली.

"सुकू दे. सव्वा महिन्यानं नदी पिजो."

दोघी हसल्या. मीही हसले.

मग बहिणीच्या कमरेत दुखू लागलं. लघवी लाल आणि थोडी होऊ लागली, पुढे बंदच झाली. चेहरा सुजला. तिला बैलगाडीत घालून आम्ही गोंदियाला नेलं.

"पानी कितना पिया?" डॉक्टरांनी विचारलं.

"गोळीपुरता घोट," आई म्हणाली. "वर थेंब नाही देला." आपण हयगय केली नाही हे त्यांना कळावं, म्हणून तिनं ते ठासून सांगितलं.

डॉक्टरांनी वडिलांनाच तेवढं व्हरांड्यात नेलं. बाळाला घेऊन मी तिथेच उभी होते. पाणी कमी पडलं की हे औषध मूत्रपिंडात बारीक खड्यांसारखं साचतं आणि वाट बंद होते, असं त्यांनी समजावलं.

बहीण तिथेच गेली. परतताना वडील मला एवढंच म्हणाले, "तुह्या मायले सांगू नोको."

आई विचारत राहिली, ताप तर उतरला होता, मग काऊन गेली? आम्ही दोघंही उत्तर देत नव्हतो. बहिणीची पोर गाईच्या दुधावर वाढत होती.

पुढच्या वर्षी धानकापणीत शेजारच्या घरी सुनेला बाळंतपणात तसाच ताप आला, तशाच गोळ्या आल्या. बोलावणं आईला आलं, कारण गावात त्या गोळ्या तिनंच दिल्या होत्या आणि ताप उतरलाही होता. ती निघाली तेव्हा मी तिला अंगणात अडवलं आणि डॉक्टर बोलले ते सगळं सांगितलं. लांबण लावली नाही. त्यानं काही हलकं झालं नसतं.

आईनं डोक्यावर पदर घेतला आणि ती गेली. तिथल्या सासूशी भांडून तिनं सुनेला दिवसभर पाणी पाजलं. सून वाचली.

संध्याकाळी घरी येऊन आईनं नातीला मांडीवर घेतलं.

"तुह्या बापाले माहीत होतं?"

"हव."

"सालभर जेवून राहिला माह्या हातचं," ती म्हणाली.

त्यानंतर ती कुणाच्या बाळंतपणाला गेली नाही. बोलावणं आलं की मला पाठवायची, आणि मी जायची.