पंजे पाहून निवडलेलं पिल्लू

निजामाच्या काळात हैदराबादहून बी. ए. होऊन मी गावी आलो, तेव्हा आखाडा बाळापूरच्या शिवारात धनगरांची मेंढरं बसली होती. शिकलेल्या माणसाच्या दारात मोठं कुत्रं शोभेल, असं मला वाटायचं. मी सर्वांत जाड पंजांचं पिल्लू उचललं.

म्हातारा धनगर म्हणाला, "पंजे काय बघून राहिलात, साहेब? ह्याची भाकर कोन टाकनार? जी बाई भाकर टाकंल, तिच्याच पदरात पिल्लू घालायची आमची रीत हाय."

"वहिनी टाकतील. त्यांनीच पाठवलंय," मी म्हणालो. वहिनींना मी विचारलंही नव्हतं.

वर्षात कुत्रं वासराएवढं झालं. मेंढरं नाहीत म्हणून ते शेजारच्या पिंजाऱ्याच्या शेळ्या अंगणात वळून आणी. मी हिंगोलीला नोकरीत. घरी सारं वहिनींवर. मी परगावी शाळेत असताना दर आठवड्याला माझ्या भाकरीही त्याच बांधून पाठवत.

एका सुट्टीत दुपारी घरी पोचलो. वहिनी अर्धीच भाकर खात होत्या. उरलेली अर्धी कुत्र्यापुढं होती.

"काहून अर्धीच, वहिनी?"

"त्याचं पोट भरंना, भाऊजी. तुमीबी असेच खादाड होता," त्या हसल्या.

मी म्हणालो, "धनगर आले की परत देऊ."

"न्हाई. तुमी हौसेनं आनलं. लेकरू झालं आता ते."

त्यानंतर मी दर महिन्याला ज्वारी आणून टाकू लागलो. पण धनगरानं तेव्हा काय विचारलं होतं आणि मी त्यांच्या नावावर काय सांगितलं होतं, ते त्यांना कधीच सांगू शकलो नाही.