बाबूरावकाकांचा नवा नंबर

आमच्या बाबूरावकाकांच्या पायाला भिंगरी होती. साखर कारखान्याच्या कचेरीतून निवृत्त झाले, तरी सकाळी सहाला बूट घालून तयार. जेवायचे तेही अर्धं उभ्यानं. १९८२ साली, सहा वर्षं अर्ज करून, त्यांच्याकडे फोन आला आणि या माणसाला बसायला म्हणून कारणच उरलं नाही.

आमच्या बेटावरच्या लालमती गावात आमच्या बाजूला दुसरा फोन नव्हता. काकांनी पहिल्याच आठवड्यात नंबर घरोघर वाटला. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय! कुणाची मुलगी पॅरिसहून, कुणाचा भाऊ लंडनहून, सगळे काकांकडेच फोन करायचे. घंटा वाजली की काका एका पायात चप्पल घालून पळत सुटायचे, माणसाला बोलावून आणायचे. तोवर फोन कट. मग "काका, तुम्हीच उशीर केला" हेही ऐकून घ्यायचं.

चार वर्षं त्यांनी हे केलं. ८६च्या जूनमध्ये एके दुपारी मला म्हणाले, "बेटी, एक लेत लिही. मला दुसरा नंबर पायजे. कारन लिही, चुकीचे फोन येतात." ते लेत, म्हणजे पत्र, मी फोनच्या कचेरीला फ्रेंचमध्ये लिहिलं. मी तेव्हा शाळेत शिकवत होते, कुणासाठी काय लिहितेय हे कळण्याइतकी मोठी होते. पंधरा दिवसांत नवा नंबर आला. तो काकांनी क्युरपिपला राहणाऱ्या आपल्या मुलीला आणि मला, एवढ्यांनाच दिला. लोकांना सांगितलं, "त्यांनीच बदलला, मी काय करू?"

शांत झालं घर. आणि शांततेनं काकांना जास्तच छळलं. दिवसातून दहा वेळा रिसीव्हर उचलून आवाज येतो का बघायचे.

ऑगस्टमध्ये शेजारच्या गंगामावशीचे यजमान तुलसीराम छातीच्या दुखण्यानं गेले. त्यांचा एकुलता एक मुलगा सत्यदेव परदेशी जहाजांवर स्वयंपाकी होता. जहाज बदलायचं, कंपनी बदलायची; मावशीनं मला लिहायला लावलेलं पत्र शिक्के खाऊन परत आलं. त्याचा एकच नेम होता. जगात कुठेही असो, गणेश चतुर्थीला दुपारच्या आरतीच्या सुमारास काकांकडे फोन करायचा. मावशी बोलायची, मग काका रिसीव्हर दारात धरायचे आणि त्याला अंगणातल्या झाकरी नाचाची ढोलकी ऐकवायचे.

चतुर्थीला आठ दिवस असताना मावशी आली. "बाबूभाव, सत्याला बापाचं काय बी ठावं नाय. तो जुन्या नंबरावरच करील ना?"

काकांचं तोंड उतरलं. हे त्यांच्या लक्षातच नव्हतं. खरं सांगते, माझ्याही नव्हतं, आणि अर्ज माझ्याच हातचा होता.

दुसऱ्या दिवशी काका फोनच्या कचेरीत जाऊन आले. जुना नंबर दुसऱ्याला दिलाय, कुणाला ते सांगता येत नाही, एवढंच उत्तर. घरी येऊन काकांनी स्वतःचाच जुना नंबर फिरवला. एका बाईनं उचलला. बोनाक्केय गावची, शिवणकामाचं दुकान चालवणारी मादाम सोलांज. वैतागलेली होती. जूनपासून परक्या माणसांचे फोन येतात, मी "फो नीमेरो" म्हणते आणि ठेवते, चुकीचा नंबर तो चुकीचाच, म्हणाली. काकांनी इथल्या क्रेओल बोलीत इतक्या विनवण्या केल्या की शेवटी ती म्हणाली, बरं, चतुर्थीला माझ्या दुकानात येऊन बसा.

गणपती बसवणाऱ्यानं आरती सोडून घराबाहेर पडायचं नाही, ही आमच्याकडची रीत. काकांनी तीस वर्षं पाळलेली. त्या दिवशी त्यांनी आरतीचं ताट माझ्या भावाच्या, देवानंदच्या हातात दिलं आणि मावशीला व मला घेऊन बोनाक्केयला निघाले. काकू पाठीमागून ओरडत होती.

दुकानात मावशी शिलाई मशीनशेजारच्या खुर्चीवर बसली. काका दारापासून फोनपर्यंत आणि फोनपासून दारापर्यंत. सोलांज म्हणाली, "आसिझे, मिश्ये!" बसा म्हणे! कोण बसतंय?

सव्वाबाराला फोन वाजला. मावशीनं उचलला. "सत्या?" एवढंच म्हणाली. तिनं रिसीव्हर काकांच्या हातात कोंबला. "तुमी सांगा."

चार वर्षं दुसऱ्यांचे निरोप पोचवून कंटाळलेल्या माणसानं तो निरोप दिला. "सत्यदेव, तुजा बाबा गेला रे. ऑगस्टात."

मग काका नुसतं ऐकत राहिले. "हो... हो बेटा," म्हणाले. फोन कट झाला.

रस्त्याला लागल्यावर मावशीनं विचारलं, "काय बोलला?"

काका चालायचे थांबले. मला वाटलं काहीतरी थाप मारतील, आणि मारावी असंही वाटलं. पण ते म्हणाले, "जुलैत त्यानं फोन केलता. बाबाशी बोलायला. कोणत्या तरी बाईनं 'फो नीमेरो' म्हणून ठेवला." मग म्हणाले, "गंगाबाय, नंबर त्यांनी नाय बदलला. मीच बदलून घेतला."

"आनि लेत मी लिहिलं," मी म्हटलं.

मावशीनं आम्हा दोघांकडे बघितलं. रडली नाही, बोल लावला नाही. मला तर वाटत होतं तिनं दोन शिव्या द्याव्यात.

"नवा नंबर दिला त्याला?" तिनं विचारलं.

काकांना ते सुचलंच नव्हतं. दिला नव्हता.

"परत केला तर जुन्या नंबरावरच करील," म्हणून मावशी वळली, दुकानापाशी गेली आणि बंद दाराच्या पायरीवर बसली. सोलांज जेवायला घरात गेली होती. काका मावशीजवळ जायला धजले नाहीत. रस्त्याच्या पलीकडे उभे राहिले. एकाच जागी, संध्याकाळपर्यंत.