एक्कावन्नाचा आहेर

डोंबिवलीच्या गुढीपाडव्याच्या स्वागतयात्रेत यंदा मानपाड्याच्या कारखान्यांचा चित्ररथ निघणार होता आणि त्यावर इथे बनलेला पहिला कॉम्प्युटर ठेवायचा असं ठरलं. तो कॉम्प्युटर आणून त्याच्याशेजारी बसायचा मान सहदेवला. ‘आरंभ कॉम्प्युटर्स’ बंद पडून जमाना झाला, पण त्या कंपनीचा सेल्समन म्हणून हा माणूस अजून फडके रोडवर छाती काढून चालतो. मान मिळाल्याचं त्याने अख्ख्या सोसायटीला सांगितलं, लिफ्टवाल्यालासुद्धा. चित्ररथ सांभाळणाऱ्या क्षिप्रा बाईंनी मात्र बजावलं होतं, “काका, पहिलाच हवा हं. नाहीतर तुमच्या जागी तुतारीवाला बसवते.”

आता नुसत्या आकड्यावरून पहिला कोणता, हे ओळखायचं कसं? इथेच तर मेख होती.

कंपनीत पैसा होता काळुरामशेठचा. जमिनीचे मालक, मानपाड्याचे मूळचे. पहिल्या मशीनला पन्नास नंबर द्यायचं ठरलं तेव्हा ते म्हणाले होते, “आरं, शून्यावर कदी आहेर संपतो का? वर एक पायजेच.” म्हणून पहिलं मॉडेल झालं ५१. त्यात सुधारणा झाली, पण खोकं लहान म्हणून त्याचं नाव २१. मग १०१. त्याहून मंद, पण पडदा मोठा, ते ५०१. आणि सगळ्यात महाग ते १००१. यात भर सहदेवची. ५१ खपेना, तेव्हा त्याने त्यावरच ५०१ चे बिल्ले चिकटवले आणि निघालेले ५१ चे बिल्ले नव्या मालावर लावून टाकले. ठाण्याच्या एका पतपेढीतल्या कारकुनाने विचारलं, एकवीसपेक्षा पाचशेएक हळू कसं? सहदेव म्हणाला, मोठी माणसं सावकाशच चालतात. कारकुनाला ते पटलं, कारण त्याचे मॅनेजर तसेच होते.

त्या लबाडीचं फळ आता सहदेवच्याच पदरात पडलं. कोपरीत एक ५१ मिळाला, तो निघाला नंतरचा. दिवा स्टेशनजवळच्या भंगारवाल्याकडचा ५१ म्हणजे मुळातला २१. पहिल्या नगाची खूण त्याला पक्की ठाऊक होती. शेठने तो विकला नव्हता. देव्हाऱ्यासमोर ठेवून, झाकण उघडून आतून कुंकवाचं स्वस्तिक काढलं होतं. पण तो नग पुढे कुठे गेला, ते काही केल्या आठवेना. पाडवा आला उद्यावर.

संध्याकाळी तो हताश होऊन घरी बसला. त्याची बायको नंदा भाजी निवडत होती. तिने कोपऱ्याकडे मान केली. तिथे भरतकामाच्या आच्छादनाखाली लग्नात मिळालेला कॉम्प्युटर होता, वर वायफायचा डबा.

“तो १००१ आहे गं,” सहदेव म्हणाला.

“बिल्ला आहे १००१ चा. लग्नाच्या सकाळी कोपरीच्या मंगल कार्यालयात, कोठीत बसून तुम्हीच नखाने जुना काढत होतात. मी खिडकीतून पाहिलं. म्हटलं, नवरा चोर आहे की काय.”

तेव्हा कुठे सहदेवला आठवलं. आहेर माइकवरून पुकारायची पद्धत. शेठने मोठ्या मनाने पहिलाच नग दिला होता, पण ‘काळुरामशेठकडून एक्कावन्न’ असं सगळ्या वऱ्हाडासमोर ऐकू आलं असतं तर नंदाचे मामा जेवायलाच बसले नसते. एक हजार एक पुकारल्यावर त्याच मामांनी जिलबी दोनदा मागून घेतली होती.

“मग इतकी वर्षं बोलली नाहीस?”

“मामा मरेपर्यंत तो आहेर मिरवत होते. कशाला बोलू?”

झाकण उघडलं. स्वस्तिक होतं, फिकं पण शाबूत. सहदेवने १००१ चा बिल्ला काढून जपून खिशात ठेवला आणि मार्करने ठळक ५१ लिहिलं.

सकाळी काळुरामशेठ फेटा बांधून चित्ररथ पाहायला आले आणि तो आकडा पाहून जागीच थांबले. त्या माइकवरचं शेठनीही खरंच मानलं होतं. “ह्या पोरीच्या लग्नात मी एक हजार एकाचा आहेर केलाय,” ते नंदाकडे बोट दाखवत म्हणाले. “गावासमोर एक्कावन लावतोस माज्या नावावर?”

सहदेवची पंचाईत झाली. आकडा ठेवला तर ज्याचं मीठ खाल्लं तो शेठ दुखावणार, पुसला तर क्षिप्रा बाई तुतारीवाल्याला हाक मारणार. तो तर तयारच होता. नंदाने नवऱ्याच्या खिशातून बिल्ला काढला आणि ५१ च्या डोक्यावर चिकटवला. शेठना वरचं दिसलं, क्षिप्रा बाईंना खालचं. सहदेव खुर्चीत बसला.

माइकवाल्याने दोन्ही सलग वाचलं: “आरंभ कंपनीचं एक हजार एक एक्कावन्न!” असलं मॉडेल कधी निघालंच नव्हतं. पण संध्याकाळी गणपती मंदिराबाहेर तीन म्हातारे ते आपण वापरलंय म्हणून सांगत होते, आणि त्यातल्या एकाच्या मते ते एकवीसपेक्षा जरा हळूच होतं.