कार्डावरचं तिसरं नाव

पाण्याच्या पंपांवर एका पाळीत एकच माणूस असायचं. दिवसपाळीला ही. सगळे तिला पंपवालीच म्हणत. तिथला नियम साधा होता. पुढच्या पाळीचा माणूस येऊन वहीत सही करेपर्यंत जागा सोडायची नाही. तिचा दोन वर्षांचा ढब्बू ज्या सरकारी पाळणाघरात होता, तिथला नियमही साधाच. सहाच्या आत मूल न्यायचं. तीन महिन्यांत तीनदा उशीर झाला की जागा गेली, यादीतल्या पुढच्या मुलाला. हे दोन साधे नियम एकाच बाईच्या डोक्यावर एकाच वेळी पडले की काय होतं, ते नियम करणाऱ्यांनी एकदा येऊन बघावं!

त्या जागेसाठी तिनं अकरा महिने वाट पाहिली होती. नवरा लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचा, महिन्यातून आठ दिवस घरी. पाळणाघर सुटलं तर नोकरी सुटणार हे तिला लख्ख माहीत होतं. आणि दोन उशीर आधीच नावावर लागले होते.

आज पाच वाजता बदलीवाले काका यायला हवे होते. सव्वापाच झाले. साडेपाच झाले. तिनं साहेबांना फोन केला.

"अगं, येतोय तो. गाडी बंद पडली म्हणे त्याची."

"साहेब, मला सहाच्या आत पोचायचंय. चालत वीस मिनिटं लागतात."

"मग मी काय करू? दोन नंबरचा पंप तापतोय, तूच लिहिलंस ना सकाळी? तो सोडून गेलीस आणि जळला तर अर्धं गाव कोरडं राहील. जरा दम धर."

दम धर म्हणे! तिनं फोन ठेवला आणि पंपाच्या काट्याकडे बघत उभी राहिली. काटा जागेवर होता, तिचाच जीव थाऱ्यावर नव्हता.

आता खरं सांगायचं तर, या घोळात तिचाही हात होता. पाळणाघरात प्रत्येक मुलाचं एक पिवळं कार्ड असतं. मूल कोणाच्या हाती द्यायचं त्यांची नावं त्यावर. ढब्बूच्या कार्डावर तीन होती: आई, बाप आणि आत्या. त्यातलं आत्याचं नाव महिन्यापूर्वी तिनं स्वतःच्या हातानं, लाल पेनानं खोडलं होतं.

झालं होतं असं, की नणंदेला भाच्याची आठवण आली आणि ती दुपारी त्याला परस्पर आपल्या घरी घेऊन गेली. ना फोन, ना निरोप. पाळणाघराच्या मोठ्या बाई त्या दिवशी रजेवर, आणि दारावरच्या नव्या मुलीला मूल कोणी नेलं ते धड सांगता येईना. पंपवाली तासभर वेड्यासारखी रस्तोरस्ती फिरली. शेवटी नणंदेच्या घरी ढब्बू खिदळत लपाछपी खेळताना सापडला. "एवढं काय आकाश कोसळलं? आत्याच आहे ना मी?" नणंद म्हणाली. दुसऱ्याच दिवशी चारचौघांदेखत नाव खोडलं गेलं. तेव्हापासून दोघींचा अबोला.

पावणेसहाला तिनं राग गिळला आणि नणंदेला फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा लावला. नाहीच. नाव खोडलेलं असताना ती जाऊनही काय करणार, हे फोन लावताना तिच्या डोक्यातही आलं नव्हतं.

काका आले तेव्हा सहाला दोन कमी होते. त्यांनी सॉरी म्हणायला तोंड उघडलं, तर हिनं वही त्यांच्या छातीवर आपटली. "आधी सही करा!" सही झाली आणि ती धावत सुटली. चप्पल एकदा निसटली, ती हातात घेतली. जागा गेली, जागा गेली, एवढंच डोक्यात घुमत होतं.

पाळणाघराच्या पायरीवर नणंद बसली होती. जाळीच्या दरवाजाच्या आत ढब्बू मोठ्या बाईंच्या कडेवर. आत्या जाळीतून बोट घालायची आणि तो ते पकडायचा.

"तुम्ही?" पंपवालीला धाप लागली होती.

"रागानं फोन उचलला नाही मी. पण महिनाभर तोंड बघत नाहीस आणि तीन-तीन फोन करतेस, म्हटलं पोरालाच काहीतरी झालं. दुकान इथं कोपऱ्यावरच, तसंच टाकून निघाले. दहा कमी सहाला इथं होते. बाई मूल देईनात."

"कार्डावर नाव नाही," मोठ्या बाई म्हणाल्या. "मी देत नाही. कोणी का असेना."

"बरं केलंत नाही दिलंत," नणंद म्हणाली आणि पंपवालीकडे वळली. "पोर समोर दिसतंय आणि हात लावता येत नाही. अर्धा तास नुसतं बसून जीव कासावीस झाला माझा. तुला तर त्या दिवशी दिसतही नव्हता गं."

पंपवालीला रडूच फुटलं. मोठ्या बाईंनी रडू दिलं, पण वही काढलीच. घड्याळात सहा वाजून सतरा मिनिटं झाली होती. पेन उशिराच्या रकान्यावर टेकलं आणि तिथंच थांबलं. मग बाईंनी वही मिटली आणि पिवळं कार्ड पुढे सरकवलं.

"कार्डावर तारीख असते. वेळ नसते," त्या म्हणाल्या. "आज तिसरं नाव पुन्हा चढलं, तर ते आजच्या दिवसाला लागू. म्हणजे मूल न्यायला आलेलं माणूस दहा कमी सहाला दारात होतं. ते मी डोळ्यांनी बघितलंय, तेच लिहीन. खोटं एक अक्षर लिहायची नाही. पण यांची सही लागेल. आणि लवकर करा, घरी माझीही वाट बघतायत."

पंपवालीनं नाव लिहिलं. खोडलेल्या ओळीच्या खाली, तेच नाव. पेन तिनं नणंदेपुढे धरलं. नणंदेनं घेतलं नाही.

संपलं, तिच्या मनात आलं.

"वन्सं, चुकलं माझं. पण त्या दिवशी तुमचंही चुकलं होतं."

"माहितीये," नणंद म्हणाली. "तेच ऐकायला थांबले होते. नुसती माफी मागितली असतीस तर सही केली नसती." तिनं पेन ओढून घेतलं आणि सही ठोकली. "आता ऐक. पोराला न्यायचं असेल तर आधी मी फोन करीन. आणि नाव खोडायचं असेल तर आधी तू."

मोठ्या बाईंनी वहीत लिहिलं: नेणार, आत्या. वेळ, पाच पन्नास. मग जाळीचा दरवाजा उघडला आणि ढब्बूला आईकडे न देता, वहीत लिहिल्याप्रमाणे, आत्याच्या हातात दिलं.